गुहागर ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने: आधी जेवण ठरवा, मग रस्ता

कोकणात एका दिवसाच्या भटकंतीला गाडी घेऊन निघणाऱ्यांचा दिवस बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. सकाळभर देवळं होतात, किनारे होतात, फोटो होतात. अडीच वाजता भूक लागते आणि तेव्हा ज्या गावात गाडी असते तिथल्या खानावळीतून उत्तर येतं, "आता काही नाही हो, आधी फोन करायचा होता." मग जेटीवरच्या टपरीत बिस्किटं खाऊन पुढचा प्रवास, आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगायचं की तिकडे जेवणाची सोय नाही.

सोय आहे, आणि उत्तम आहे. मात्र किनाऱ्यावरचं चांगलं जेवण घराघरांत शिजतं, माणसं मोजून शिजतं. कोण येणार ते कळल्याशिवाय तिथे कुणी दहा माणसांचा भात लावून बसत नाही. म्हणून या लेखात नेहमीचा क्रम उलटा केला आहे. आधी दिवस, मग जेवण, मग भरती-ओहोटी आणि फेरीबोट, आणि सगळ्यात शेवटी रस्ता. उदाहरणाला गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, फेरीबोटीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी असा मार्ग घेतला आहे. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. आदल्या रात्री मुक्काम गुहागरात आणि दुसऱ्या रात्री रत्नागिरीत, असं धरलं आहे.

## टप्पा १: दिवस निवडा

सुट्टी कधी आहे एवढंच बघून तारीख ठरवू नका. आधी चार गोष्टी पाहा.

हंगाम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. मार्च ते मे उकाडा असतो, पण ओले काजू, फणस आणि आंबा याच दिवसांत मिळतात, त्यामुळे खाण्यासाठी निघणाऱ्याने उन्हाळा वगळू नये. पावसाळ्यात रस्ता देखणा होतो, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात ताटात आलेली सुरमई बर्फातली असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा खाडीतले मासे, सुकी मासळी किंवा सरळ शाकाहारी जेवण मागा. पावसात समुद्र खवळलेला असेल तर फेरीबोटही बंद राहू शकते.

वार. कोकणात पुष्कळ घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवारी वशाट, म्हणजे मासे-मटण, शिजत नाही. श्रावणात तर अनेक घरांत महिनाभर नाही. मासे खायचेच असतील तर बुधवार, शुक्रवार किंवा रविवार धरा. रविवारी मात्र जेटीवर रांग असते, म्हणून माझी पहिली पसंती बुधवारला किंवा शुक्रवारला आहे.

चतुर्थी. संकष्टीला गणपतीपुळ्याकडे गाड्यांचा ओघ असतो आणि अंगारकीला तो कित्येक पटींनी वाढतो. दर्शनासाठीच निघाला असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तो दिवस टाळा.

तिथी. ही गोष्ट जवळजवळ कुणी बघत नाही आणि या मार्गावर तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी नाही. हेदवीची बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद भेग. भरतीचं पाणी तिच्यात घुसून उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी घळ दिसते, आणि "एवढंच?" म्हणून लोक परत फिरतात.

भरतीचा ढोबळ हिशोब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: तिथीच्या पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि रोज ही वेळ पाऊण तासाने, किंवा थोडी अधिक, पुढे सरकते.

आता हा हिशोब आपल्या मार्गावर बसवून बघा. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस घेतला तर हेदवीत अकरा-साडेअकराला भरती मिळते. तीही उधाणाची, म्हणजे घळ पूर्ण जोरात. संध्याकाळी पाच-साडेपाचला आरे-वारेला ओहोटी असते आणि वाळूचा पट्टा रुंद उघडा मिळतो. सप्तमी-अष्टमीला सगळं याच्या उलट होतं. दुपारी बाराला घळ कोरडी, आणि संध्याकाळी पाणी पार वर चढलेलं.

> तपासा: पाऊणपटीचा हिशोब अंदाजासाठी आहे, त्यात तासभर इकडेतिकडे होतं. दिवस पक्का करण्याआधी रत्नागिरी किंवा जयगड बंदराचं त्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

## टप्पा २: जेवण आधी सांगा

जेवण फेरीबोटीच्या अलीकडे घ्यायचं की पलीकडे, हा पहिला निर्णय. बरेच लोक गणपतीपुळ्यात भरपूर जागा आहेत म्हणून पलीकडचं ठरवतात आणि इथेच चुकतात. फेरीबोट तुमच्या हातात नाही. रांग लागली, एक फेरी हुकली, की साडेबाराचं जेवण अडीचवर जातं. तळलेला मासा तोवर गार आणि चिवट होतो. म्हणून जेवण अलीकडे, वेळणेश्वर-हेदवी भागात घ्या, दुपारी साडेबाराला. पोट भरलेलं असलं की जेटीवरची अर्धा-पाऊण तासाची वाट कुणाला जड जात नाही.

जागा शोधण्यासाठी सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे आदल्या रात्री तुम्ही ज्यांच्याकडे उतरणार आहात ते यजमान. "हेदवीकडे घरगुती जेवण कुणाकडे चांगलं मिळेल?" असं त्यांना विचारा. फोटो बघून निवडलेल्या जागेपेक्षा हे उत्तर बहुतेक वेळा सरस निघतं.

फोन दोनदा करायचा. पहिला दोन दिवस आधी, जागा धरण्यासाठी. दुसरा आदल्या संध्याकाळी, पक्कं करण्यासाठी. बोलणं साधारण असं असावं:

"काकू, शुक्रवारी दुपारी साडेबाराला आम्ही सहाजण येतो. चार मासे खाणारे, दोघं शाकाहारी. एक लहान मूल आहे, त्याला तिखट चालत नाही."

"मासा कुठला हवा?"

"तुम्हाला ताजा मिळेल तो करा. सुरमईच हवी असं नाही."

हे शेवटचं वाक्य जरूर म्हणा. सुरमई-पापलेटचा हट्ट धरला की फ्रीजरमधलं काढून देण्यावाचून त्यांना पर्याय राहत नाही. तेच मोकळीक दिली तर सकाळी आलेला बांगडा, सौंदाळे, कोळंबी किंवा तिसऱ्या (शिंपल्या) मिळतात. ताज्या बांगड्याच्या तिखल्यासमोर (झणझणीत कालवणासमोर) बर्फातली सुरमई काहीच नाही, असं मी ठामपणे सांगेन.

शाकाहारी माणसांसाठी "भाजी-पोळी काहीही चालेल" असं म्हणू नका. अशा घरांत काळ्या वाटाण्याची उसळ, डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठलं, केळफुलाची किंवा फणसाची भाजी आणि तांदळाची भाकरी उत्तम होते. पण वाटाणे-वाल आदल्या रात्री भिजत घालावे लागतात, डाळिंब्यांना तर मोड आणून सोलावंही लागतं. ऐनवेळी मागितलंत तर बटाट्याची भाजीच येणार. उकडीचे मोदक हवे असतील तर नग मोजून आदल्या दिवशीच सांगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर ओल्या काजूची उसळ होईल का, एवढं जरूर विचारा.

दर फोनवरच विचारून घ्या. शाकाहारी ताट सहसा ठरलेल्या दराचं असतं. माशाचा दर मात्र मासा आणि त्याचा आकार बघून बदलतो. पापलेट नगावर असेल तर एक नग केवढ्याला आणि केवढा, हे आधी विचारलं की जेवण झाल्यावर दोन्ही बाजूंना अवघडायला होत नाही. थोडी आगाऊ रक्कम पाठवू का, असं आपणहून विचारा. सांगून न येणाऱ्या पाहुण्यांमुळे या घरांचं फार नुकसान होतं. रांधलेलं वाया जातं आणि पुढच्या वेळी ती माणसं फोनवर "नाही" म्हणतात.

> इशारा: माणसं वाढली किंवा कमी झाली तर सकाळी आठच्या आत कळवा. नऊनंतर मासे घरात आलेले असतात.

## टप्पा ३: फेरीबोट आणि सूर्यास्त वेळेत बसवा

तवसाळ-जयगड फेरीबोट शास्त्री नदीच्या मुखावरची खाडी ओलांडते. पाण्यावरचा वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास. खरा वेळ वाट पाहण्यात जातो. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, त्यामुळे जुन्या फलकाच्या फोटोवर विसंबू नका, आदल्या दिवशी फोन करून विचारा. नेमके दोनच प्रश्न: उद्या फेऱ्या नेहमीसारख्या आहेत का, आणि दुपारी दोन ते चारमध्ये कोणकोणत्या वेळा आहेत?

फेरी बंदच असेल तर राई-भातगाव पुलावरून खाडी ओलांडता येते. हा वळसा लांबचा आहे, पण चिपळूणमार्गे महामार्गाने जाण्यापेक्षा बरा. तो नकाशात आधीच बघून ठेवा.

सूर्यास्त डिसेंबरात सहा वाजून गेल्यावर लगेच होतो, मे अखेरीस सात वाजून गेल्यावर. आरे-वारेला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचायचं, असं धरून मागे मोजत या. हिवाळ्यासाठी वेळा अशा बसतात:

- ७.३० गुहागरात न्याहारी
- ८.१५ निघणं
- ९.१५ वेळणेश्वर
- १०.३० हेदवी, आधी देऊळ, मग बामणघळ
- १२.३० जेवण
- १.४५ तवसाळकडे
- २.३० च्या आसपासची फेरी
- ३.१५ जयगड किल्ला
- ४.१५ मालगुंड किंवा गणपतीपुळे, चहा
- ५.१५ आरे-वारे
- ६.४५ रत्नागिरी

यात गणपतीपुळ्याचं दर्शन आणि टेकडीची प्रदक्षिणा बसत नाही. ती हवी असेल तर जयगड किल्ला सोडा. दोन्ही करायला गेलात तर आरे-वारेला अंधारात पोहोचाल, आणि या मार्गावरचा सगळ्यात देखणा रस्ता तोच आहे.

किलोमीटर बघून वेळ काढणं ही इथली नेहमीची चूक. या रस्त्यांवर ताशी पंचवीस-तीस किलोमीटर धरा. वीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास नाही, पाऊण तास.

## टप्पा ४: आदल्या संध्याकाळची तयारी

पेट्रोल किंवा डिझेल गुहागर-शृंगारतळी परिसरातच भरून घ्या. पुढे किनाऱ्याच्या वाड्यावस्त्यांत पंप शोधत बसणं नको. टायरमधली हवा आणि स्टेपनी बघा. स्टेपनीत हवा नसल्याचं लोकांना पंक्चर झाल्यावर कळतं.

रोख रक्कम सोबत असू द्या, सुट्ट्या नोटांसह. नेटवर्क गेलं की यूपीआय थांबतं आणि खाडीच्या कडेला ते जातंच.

नकाशा मोबाइलवर उतरवून घ्या आणि थांबे एकेक करून टाका: पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ जेटी. नुसतं "रत्नागिरी" टाकलंत तर नकाशा तुम्हाला चिपळूणच्या दिशेने महामार्गावर नेऊन सोडू शकतो. जिथे तो वाडीतल्या चिंचोळ्या पाखाडीत (पायऱ्यांच्या दगडी वाटेत) वळायला सांगेल तिथे गाडी थांबवून माणसाला विचारा.

एका वेगळ्या पिशवीत टॉवेल, कपड्यांचा एक जोड, टोप्या, पाणी आणि गाडी लागणाऱ्यांसाठी औषध ठेवा. वळणं खूप आहेत. मुलांना सकाळी तळलेलं देऊ नका.

## टप्पा ५: सकाळ

न्याहारी हलकी ठेवा. घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, किंवा खोबरं-कोथिंबीर घातलेले पोहे. दोन घावनांवर थांबा, कारण साडेबाराला पानं वाढलेली असणार आहेत. न्याहारीच्या जागीच जेवणवाल्या काकूंना "निघालो" एवढा निरोप द्या.

गुहागर सोडल्यावर असगोली, पालशेत, अडूर असा रस्ता चढत-उतरत जातो. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळपठारावर, आलात की वारा आणि उघडा कातळ, खाली उतरलात की नारळी-पोफळीच्या वाड्या आणि खाडी. वाडीतून जाताना वेग अगदी कमी हवा. रस्त्याच्या कडेला गडगे (दगडी कुंपणं) असतात आणि त्यांच्या आडून माणसं, कोंबड्या, सायकली अचानक पुढे येतात. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. समोरून एसटी आली तर तीच पुढे सरेल अशी वाट बघू नका, जिथे रुंदी आहे तिथे आपण आधीच बाजूला घ्या. चढावर येणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा घाटरस्त्याचा नियम इथेही लागू आहे.

वेळणेश्वरला देऊळ आणि किनारा शेजारीशेजारी आहेत, तासभर पुरतो. शहाळं इथे प्या.

हेदवीत आधी टेकडीवरच्या दशभुजा गणेशाचं दर्शन घ्या आणि भरतीच्या अर्धा तास आधी किनाऱ्यावर उतरा. घळीकडे जाणारा कातळ शेवाळलेला असतो, रबरी चप्पल घालून जाऊ नका.

> इशारा: बामणघळीच्या तोंडाशी किंवा ओल्या कातळावर उभं राहू नका. पाच लाटा लहान येतात आणि सहावी डोक्यावरून जाते. कोरडा कातळ जिथे सुरू होतो तिथूनच बघा, मुलांचा हात धरून.

> इशारा: कुठल्याही किनाऱ्यावर गाडी वाळूत उतरवू नका. वरून घट्ट दिसणारी पुळण खाली ओली असते. चाक रुतलं आणि भरती सुरू झाली की गाडी वाचवायला हातात फार थोडा वेळ उरतो.

## टप्पा ६: जेवण

दहा मिनिटं आधी पोहोचा. हातपाय धुवा, कपडे बदला, वाळू झटका. समुद्रात भिजलेल्या कपड्यांनी कुणाच्या ओटीवर बसू नये.

मासे तव्यावरून थेट ताटात यायला हवेत, म्हणून सगळे बसल्यावरच तळायला सांगा. पहिल्यांदा भाकरी आणि कालवण, मग भात. सोलकढी सुरुवातीलाच संपवू नका, थोडी शेवटी भातावर घ्या. चिंबोरी (खेकडे) मागवली असेल तर जेवणाला अर्धा तास जास्त लागतो, तो वेळापत्रकात आधीच धरा.

जेवणानंतर समुद्रात उतरायचं नाही. गाडी चालवणाऱ्याने भात बेताने खावा आणि ओटीवर पंधरा मिनिटं पाठ टेकावी. या सगळ्या दिवसात धोक्याची वेळ हीच आहे: पोट जड, उन्हाचा सडा, सरळ वाटणारा रस्ता आणि अचानक उतार. बिअरचा तर विचारही नको.

## टप्पा ७: फेरीबोट

जेटीवर पोहोचल्यावर आधी गाडी रांगेत लावा, मग तिकीट. उलटं करणाऱ्यांचा नंबर दहा गाड्यांनी मागे जातो.

चढताना कर्मचारी सांगतील तसंच करा. काही वेळा गाडी उलटी चढवायला सांगतात. ज्याला उलटी घेण्याचा सराव आहे त्याने गाडी हाती घ्यावी. ओहोटीला उतार तीव्र आणि निसरडा होतो, आणि बुटक्या गाडीचा पुढचा भाग घासू शकतो. तेव्हा वयस्कर माणसं आणि मुलं आधी उतरवून चालत न्या. बोटीवर गाडी उभी राहिली की इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला.

> तपासा: साडेतीनपर्यंत बोट मिळाली नाही तर जयगड किल्ला सोडा आणि थेट मालगुंडच्या दिशेने निघा.

## टप्पा ८: जयगड ते रत्नागिरी

किल्ल्याला अर्धा तास. तटावर सावली नाही, टोप्या घालूनच जा. पुढे मालगुंड-गणपतीपुळे भागात चहा घ्या. कोकम सरबत हवं असेल तर आधी थोडं चाखा, साखरेचं पाणी असेल तर लगेच कळतं. खरेदीही इथेच उरकून घ्या: आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी. आगळ (कोकमाचा रस) घेताना लक्षात ठेवा की ते खारट असतं आणि सोलकढीसाठी असतं. सरबताची बाटली वेगळी. दोन्हींची झाकणं प्लास्टिकने बांधून बाटल्या उभ्या ठेवा, कोकमाचा डाग निघता निघत नाही.

गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहू नका. तळ एकदम खोल होत जातो, लाट परतताना पाय ओढते आणि इथे माणसं बुडाली आहेत. जीवरक्षक हाक मारतील तेव्हा लगेच बाहेर या.

आरे-वारेचा रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो, खाली पांढरट वाळूचे दोन किनारे, मध्ये पुढे आलेला डोंगर. गाडी वळणावर थांबवून फोटो काढणं हा इथला रोजचा प्रकार आहे आणि तो जीवघेणा आहे. वरच्या बाजूला गाड्या उभ्या करायला मोकळी जागा मिळेल तिथेच थांबा. आधी वरून बघा, मग खाली उतरा. ओहोटी असेल तर लांबवर चालता येतं.

सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत निघा. रत्नागिरीपर्यंतचं अंतर थोडं आहे, पण रस्त्यावर दिवे कमी आणि गुरं फार. रात्रीचं जेवण हलकं असू द्या. पेज, मऊभात, किंवा आमसुलाचं सार आणि भात. मुक्कामाच्या जागी तेही दुपारीच फोन करून सांगून ठेवा.

ज्यांना त्याच रात्री गुहागरला परतायचं आहे त्यांनी आरे-वारे सोडावं आणि मालगुंडहून साडेचारच्या आत राई-भातगाव पुलाकडे वळावं. शेवटची फेरी मिळेल या भरवशावर जयगडला परत येऊ नये. ती हुकली तर हाच पूल गाठावा लागतो, आणि मग तो रस्ता पूर्ण अंधारात कापावा लागतो.